लुक्लाला जायचे कसे: विमान, हेलिकॉप्टर की जीप?

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेले आपल्याकडचे ट्रेकर बूट आणि कपड्यांचा विचार बारकाईने करतात, पण ट्रेक जिथून सुरू होतो त्या नेपाळमधील लुक्लाला पोहोचायचे कसे, हा निर्णय अनेकदा आयोजकावर सोडून देतात. तो ज्याचा त्यानेच घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.

सुमारे २,८५० मीटर उंचीवरील लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब असून तिला जवळजवळ १२ टक्के चढ आहे. एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी असल्यामुळे विमाने दरीकडून येऊन चढावर उतरतात आणि अखेरच्या टप्प्यात बेत बदलून पुन्हा वर उठायला त्यांना वाव उरत नाही. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसणे येथे अनिवार्य असल्याने ढग, धुके आणि दिवस चढल्यावर वाढणारा वारा यांवर सारे अवलंबून असते. ८ ऑक्टोबर २००८ रोजी धुक्यात उतरू पाहणारे ट्विन ऑटर विमान धावपट्टीच्या अलीकडे आदळून १८ जणांचा मृत्यू झाला. नेपाळमधल्याच पोखरा–जोमसोम मार्गावर २९ मे २०२२ रोजी ढगाळ हवेत डोंगरावर आदळलेल्या विमानातील २२ मृतांमध्ये ठाण्याचे चौघे होते.

हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही आणि वाटेत मागे वळणे त्याला सोपे जाते, हा त्याचा खरा फायदा आहे. मात्र विमाने थांबलेली असताना हेलिकॉप्टर मिळाले, तर त्याचा अर्थ हवा सुधारली असा होत नाही. लुक्लाजवळच्या सुर्केहून काठमांडूकडे निघालेले हेलिकॉप्टर ११ जुलै २०२३ रोजी कोसळले आणि त्यातील सहाही जण दगावले.

जीपने सल्लेरीपर्यंत आणि पुढे कच्च्या रस्त्याने व पायी गेल्यास काही दिवस जास्त लागतात, पण शरीराला उंचीची सवय हळूहळू होते. पावसाळ्यात दरडींमुळे हा मार्ग टाळावा आणि रात्रीचा प्रवास तर कधीच करू नये. हाच नियम विमानाने जाणाऱ्यांनाही लागू होतो, कारण गर्दीच्या हंगामात बरीच उड्डाणे काठमांडूऐवजी रामेछापहून होतात आणि तिथे पहाटे पोहोचण्यासाठी अनेक जण मध्यरात्री चार-पाच तासांच्या घाटरस्त्याला लागतात. आदल्या दिवशी उजेडात जाऊन तिथेच मुक्काम करणे कितीतरी श्रेयस्कर.

तिन्ही पर्यायांत मला निर्णायक वाटतात ते हाताशी असलेले राखीव दिवस, कारण परतीचे आंतरराष्ट्रीय तिकीट दुसऱ्याच दिवशीचे असले की प्रवासी, आयोजक आणि कंपनी सगळेच संशयास्पद हवेत उडण्याच्या बाजूने झुकू लागतात. किमान दोन-तीन दिवस राखीव असतील, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सकाळच्या पहिल्या विमानाने जावे. आठवडाभराची जास्त रजा असेल, तर जीप आणि पायवाट उत्तम. यांपैकी काहीच जमत नसेल, तर हेलिकॉप्टरवर भिस्त ठेवून निघण्याऐवजी ट्रेक पुढच्या हंगामावर ढकलावा.