जनावरांच्या काष्ठौषधींचे जुन्या नाशकातील एक दुकान: अख्खे घ्यावे, दळलेले टाळावे

नाशिक शहरात पशुखाद्याची आणि जनावरांच्या इंग्रजी औषधांची दुकाने भरपूर आहेत. परंतु गाई-म्हशींना आणि शेळ्यांना लागणाऱ्या काष्ठौषधी, म्हणजे वाळलेल्या मुळ्या, फळे अशी झाडपाल्याची औषधे, एकाच ठिकाणी कुठे मिळतील असे विचारले, तर जाणते पशुपालक अजूनही जुन्या नाशकाकडेच बोट दाखवतात. तिथल्या ज्या दुकानात मी बऱ्याच वर्षांपासून खरेदी करतो, त्याचे हे परीक्षण आहे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जी तक्रार मांडली आहे ती या धंद्यातील बहुतेकांना लागू पडते आणि एकाच माणसाला त्यासाठी धारेवर धरणे न्यायाचे होणार नाही.

दुकान जेमतेम दोन खणांचे आहे. बुधवारी गोदाघाटावर बाजार असतो, त्यामुळे त्या दिवशी गर्दी जास्त. इगतपुरी-त्र्यंबककडचे डांगी गाई पाळणारे शेतकरी, सिन्नरकडचे संगमनेरी शेळ्यांचे मालक आणि डेअरीला दूध घालणारे दोन-चार संकरित गाईंचे धनी, असे सगळेच तिथे भेटतात. मालक वयस्कर आहेत आणि त्यांची एक सवय मला मनापासून आवडते. गिऱ्हाइकाने वस्तूचे नाव घेतले की पुडी बांधण्याआधी ते विचारतात, “दादा, जनावराला होतंय काय ते आधी सांगा.” ताप आहे, चारा सोडला आहे किंवा अंगावर लम्पीसारख्या गाठी आहेत असे कळले, तर ते माल देण्याऐवजी १९६२ या क्रमांकावर फोन लावून फिरता पशुवैद्यकीय दवाखाना बोलवायला सांगतात. आपले गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार विरळाच. मालक जागेवर नसताना गल्ल्यावर बसणारा मुलगा मात्र कोणत्याही दुखण्यावर मूठभर काहीतरी देऊन मोकळा होतो, तेव्हा मालक असतील अशाच वेळी जावे.

आता मालाविषयी. या दुकानाची खरी परीक्षा वावडिंगावर होते. शेळ्यांच्या जंतांवर वावडिंग द्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि तिला आधारही आहे. खरे वावडिंग म्हणजे एम्बेलिया रायबीस या वेलीचे फळ. त्यात एम्बेलिन नावाचे द्रव्य असते आणि त्याच्या जंतनाशक गुणावर प्रयोगशाळांत बरेच काम झाले आहे. अडचण अशी की बाजारात वावडिंग म्हणून जे विकले जाते ते दर वेळी याच वेलीचे असते असे नाही. एम्बेलियाचीच दुसरी एक जात, मीसा इंडिका आणि मायर्सिन आफ्रिकाना अशा वनस्पतींची फळे त्याच नावाखाली खपतात, हे वनस्पतींच्या डीएनए बारकोडिंगवरील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. या पद्धतीत वाळलेल्या मालातून डीएनए वेगळा काढून त्याचा ठरावीक तुकडा ओळखीच्या नमुन्याशी ताडून पाहतात, म्हणजे फळ कोणत्या जातीचे आहे ते कळते. त्यात औषधी द्रव्य किती आहे हे मात्र त्यावरून कळत नाही, त्यासाठी एचपीटीएलसीसारखी रासायनिक चाचणी वेगळी करावी लागते. बदली मालापैकी काहींतही एम्बेलिन असते, पण त्याचे प्रमाण सारखे नसते. म्हणजे प्रश्न केवळ नकली-असलीचा राहत नाही, मात्रेचाही होतो. एका फळावर ठरवलेली मात्रा दुसऱ्या फळाला लागू पडेलच असे नाही.

सामान्य गिऱ्हाइकाला प्रयोगशाळा परवडणारी नाही, पण डोळे आणि नख पुरेसे आहेत. या दुकानातील वावडिंग मी पोत्यातून काढून तळहातावर घेऊन पाहतो. चांगला दाणा मिऱ्याएवढा किंवा थोडा लहान, तांबूस काळसर आणि किंचित खडबडीत असतो. अनेक दाण्यांना बारीक देठ चिकटलेला दिसतो. नखाने साल फोडली की आत एकच बी निघते, तिच्यावर पातळ पापुद्रा असतो आणि पापुद्रा सोलल्यावर फिकट ठिपके दिसतात. दाण्यावर उभ्या रेघा स्पष्ट दिसत असतील तर तो बहुधा दुसऱ्या जातीचा समजावा. इथल्या पोत्यात रेघांचे दाणे थोडेफार सापडतात, पण मालक ते नाकारत नाहीत आणि वेचून द्यायलाही कुरकुर करत नाहीत. एक सूचना मात्र मी माझ्याकडून जोडतो. उंदरांवरील प्रयोगांत एम्बेलिनचा प्रजननावर विपरीत परिणाम आढळला आहे, त्यामुळे गाभण शेळीला वावडिंग देऊ नये. तसेच शेळीच्या डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडली असेल किंवा जबड्याखाली सूज आली असेल, तर रक्त शोषणाऱ्या हिमॉन्कस या जंताने ती आधीच पोखरली आहे असे समजून पशुवैद्यकाकडे जावे. अशा वेळी पुडीवर विसंबून राहणे जनावराच्या जिवावर बेतते.

जी गोष्ट अख्ख्या मालात उत्तम, तीच दळलेल्या मालात फसते. शतावरीचे उदाहरण घ्या. व्यालेल्या गाईला पान्हा सुटावा आणि दूध वाढावे म्हणून शतावरी देतात. तिच्या मुळांतील शतावरिन गटाची सॅपोनिने (पाण्यात फेस आणणारी वनस्पतिद्रव्ये) ही संशोधकांच्या अभ्यासाचा विषय आहेत. या दुकानात शतावरीच्या अख्ख्या मुळ्या मिळतात आणि त्या चांगल्या असतात: सोललेल्या, फिकट पिवळसर, लांबीच्या दिशेने सुरकुतलेल्या, चावल्यावर आधी गोडसर आणि मग कडवट लागणाऱ्या. शेजारच्याच बरणीत शतावरीची भुकटी आहे आणि तिचा भाव मुळीपेक्षा कमी आहे. मुळी वाळवणे, दळणे, चाळणे, त्यातली घट, एवढे सगळे सोसून भुकटी स्वस्त कशी पडते, हा प्रश्न मी मालकांना विचारला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “भुकटी आम्ही दळत नाही, वरून येते.” उत्तर प्रामाणिक होते, पण म्हणून ती भुकटी घ्यावी असे नाही. एकदा दळल्यावर डोळ्यांना काहीच ओळखता येत नाही आणि ओळखण्याचा सगळा भार पुरवठादाराच्या शब्दावर येतो. शतावरीची मुळे काढताना बहुतेक वेळा झाडच उपटले जाते, म्हणून जंगलातून येणाऱ्या मालापेक्षा लागवडीचा माल हवा. ऊतिसंवर्धनातून (टिश्यू कल्चर) तिची रोपे तयार करण्याचे तंत्र उपलब्ध आहे. दुकानातल्या मुळ्या लागवडीच्या की रानातल्या, याचे उत्तर मला तिथे मिळाले नाही.

दगडीवरच्या, म्हणजे कासेला सूज येणाऱ्या कासदाह या रोगावरच्या, तयार पाकिटाबद्दल माझे मत याहून कडक आहे. कासदाहावर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेला उपाय अनेकांना ठाऊक असेल: २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना एकत्र वाटून लालसर लगदा करायचा, कास धुऊन दूध पूर्ण पिळून काढायचे आणि लगद्याचा थोडा भाग पाण्यात कालवून दिवसातून सुमारे १० वेळा, किमान ५ दिवस लावायचा. लगदा रोज ताजा करायचा असतो. या उपायाचा जीव ताज्या कोरफडीत आहे. दुकानातल्या पाकिटात मात्र सगळे घटक कोरड्या भुकटीच्या रूपात एकत्र केलेले आहेत आणि त्यावर घटकांचे प्रमाण छापलेले नाही. शिवाय ते पशुखाद्य पूरक म्हणून विकले जाते, औषध म्हणून नाही. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक असतो, तो या पाकिटावर मी शोधूनही सापडला नाही. सडावर लावायच्या वस्तूला खाद्याचे लेबल का, हे कोणीतरी विचारायला हवे. कोरफड कुंपणाला फुकट उगवते, हळद घरात असते आणि चुना टपरीवर मिळतो, तेव्हा या पाकिटावर पैसे घालवण्याचे कारण नाही. हा उपाय करूनही दुधात गाठी किंवा रक्त येत राहिले, तर दूध तपासून घ्यावे आणि प्रतिजैविक द्यावे लागले तर दूध न वापरण्याची जी मुदत त्याच्या वेष्टनावर दिलेली असते, ती संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नये. ही शिस्त दुकानाच्या पुडीमुळे टळत नाही.

बाकी मालाबद्दल थोडक्यात. डिकेमाली (एका झाडाचा डिंक) अस्सल असते. तिचा उग्र दर्प कागदातून बाहेर येतो आणि किडे पडलेल्या जखमेच्या कडेला लावायला ती आजही कामाला येते. करंज तेल चांगले आहे. वेखंड उवा-पिसवांसाठी फक्त बाहेरून वापरावे, पोटात देऊ नये, कारण त्यातील बीटा-अ‍ॅसॅरोन हे द्रव्य घातक ठरू शकते. हे मालक सांगतात, मुलगा सांगत नाही. पावसाळ्यात मात्र मुळ्यांना बुरशी धरते, तेव्हा पोत्याच्या तळाचा माल घेऊ नये.

गाडी लावायला दुकानासमोर जागा नाही, ती लांब लावून पायी यावे लागते. पैसे ऑनलाइन घेतात. वजन चोख असते आणि भावात फारशी घासाघीस चालत नाही. बिल आपणहून देत नाहीत, पण मागितल्यावर वस्तूचे नाव, वजन आणि तारीख लिहून देतात. मी दर वेळी मागतो आणि त्याच कागदावर कोणत्या जनावराला किती दिले तेही लिहून ठेवतो, कारण पुढे पशुवैद्यक आले की ते पहिला प्रश्न हाच विचारतात.