नासाऊचा गुत्ता आणि सुरतेचं जहाज: ‘ब्लॅक फ्लॅग’ सात महिने खेळल्यावर

आधी कबुली देते. ‘ब्लॅक फ्लॅग’ हा व्हिडिओ गेम २०१३चा, आणि माझ्या हातात पडला गेल्या दिवाळीत. भाचा शिकायला पुण्याला गेला, जाताना त्याचं पीएस४ हे गेमचं जुनं मशीन आमच्या टीव्हीला जोडून गेला आणि वर एक डिस्क ठेवली. म्हणाला, ‘‘आत्या, यात मारामारी कमी आणि समुद्र जास्त आहे.’’ मारामारी कमी हे साफ खोटं निघालं. समुद्र जास्त हे मात्र खरं. तेव्हापासून दहावीचे पेपर तपासायचे दिवस सोडले, तर आठवड्यातल्या तीन-चार रात्री मी सोलापुरात नसतेच, कॅरिबियन समुद्रात असते.

‘असॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग’. मुख्य कथा फेब्रुवारीतच संपवली. तरी डिस्क मशीनमधून निघाली नाही, ती बहामास बेटांवरच्या नासाऊ या बंदरामुळे.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. एडवर्ड केनवे नावाचा एक वेल्श खलाशी सरकारी परवान्यावर लूटमार करता करता चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, होतो. काळ १७१५ ते १७२२. त्याच्याभोवती दोन गुप्त संघटनांचं शतकानुशतकांचं भांडण आणि आजच्या काळात बसून पूर्वजांच्या आठवणी उकरणारी एक कंपनी, असा सगळा पसारा. तो पसारा मला शेवटपर्यंत फारसा पटला नाही. ऑफिसमध्ये हिंडायचे भाग आले की मी चहा टाकायला उठायचे. पण एडवर्ड आणि त्याचं ‘जॅकडॉ’ जहाज, खलाशांची गाणी, शिडं सोडल्यावर पाण्याचा येणारा आवाज, यासाठी सगळं माफ.

मोठी शहरं तीन: हवाना, किंग्स्टन आणि नासाऊ. हवाना सगळ्यांत देखणं. दगडी वाडे, कौलं, चौक. छपरांवरून धावायला तिथेच मजा. पण तिथल्या कॅथेड्रलवर चढून बसले आणि नंतर सहज वाचलं, तर त्या इमारतीचं काम जेझुइट पाद्र्यांनी सुरू केलं १७४८मध्ये, आणि ती पुरी झाली १७७७मध्ये. मी बसले होते १७१५मध्ये! उलट तिथला गव्हर्नर लॉरेआनो तोरेस, जो खेळात कटवाल्यांचा म्होरक्या आहे, तो मला रचलेला वाटला होता आणि तो निघाला खरा. त्या वर्षी क्यूबाचा गव्हर्नर तोच होता. कट तेवढा खेळवाल्यांचा. तेव्हापासून सवयच लागली. रात्री खेळायचं, दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खरं-खोटं शोधायचं.

नासाऊ हवानापुढे अगदीच किरकोळ. पहिल्यांदा उतरले तेव्हा वाटलं, हे शहर? वाळू, नारळ, फळ्या ठोकलेल्या झोपड्या, कोंबड्या, डागडुजी न झालेला किल्ला. छपरावरून पळायला दोन घरं सलग मिळत नाहीत. पण खरं नासाऊ त्या काळी असंच होतं, त्याहून दरिद्रीच असेल. आधीचं नाव चार्ल्स टाऊन. १६८४मध्ये स्पॅनिशांनी जाळलं. पुन्हा वसवलं आणि १६९५मध्ये नाव ठेवलं नासाऊ. १७०३मध्ये फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून आले आणि पुन्हा धुळीला मिळवून गेले. त्यानंतर पंधराएक वर्षं तिथे सांगायला इंग्लंडचं राज्य, पण राज्य करणारं कोणी नाही.

आता चाचे इथेच का जमले? हे मला खेळाने नाही, नकाशाने शिकवलं. बंदरासमोर एक लांबट बेट आडवं पडलंय, तेव्हाचं हॉग आयलंड, आजचं पॅराडाइज आयलंड. त्यामुळे आत पाणी शांत आणि बंदराला तोंडं दोन. आणि पाणी उथळ. चाच्यांची हलकी स्लूप गलबतं आत सहज शिरणार, आरमाराची अवजड जहाजं बाहेर ताटकळणार. वर फ्लोरिडाजवळून जाणारा स्पॅनिश खजिन्याचा मार्ग हाकेच्या अंतरावर. १७१५च्या जुलैअखेरीस हवानाहून निघालेला खजिन्याचा ताफा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वादळात सापडला आणि बारापैकी अकरा जहाजं बुडाली. उथळ पाण्यात चांदी पडलीय म्हटल्यावर सगळ्या कॅरिबियनमधले रिकामे खलाशी तिकडे धावले. हेन्री जेनिंग्ज या चाच्याने तर स्पॅनिशांनी वर काढून किनाऱ्यावर ठेवलेली चांदीच लुटली. हे लोक मग कुठे जाणार? नासाऊला.

खेळात ते वादळ आहे, आणि काय आहे! एडवर्ड त्याच ताफ्यात कैदी असतो, आदेवाले नावाच्या माणसाबरोबर सुटतो आणि लाटांच्या डोंगरांमधून जहाज बाहेर काढतो. तो भाग मी तीनदा खेळले. पण बंदराचा उथळपणा खेळात कुठेच जाणवत नाही. जॅकडॉ कितीही किनाऱ्याशी नेली तरी ती वाळूत रुतून बसत नाही. जी गोष्ट नासाऊच्या इतिहासाचं मूळ, तीच गाळली. खेळणाऱ्याला कंटाळा येईल म्हणून असेल, कळतं मला. तरी चुटपुट लागते.

आता गुत्त्याकडे येते. नासाऊत बंदराकडे तोंड करून एक उघडा लाकडी गुत्ता आहे. थॅच म्हणजे ब्लॅकबिअर्ड, हॉर्निगोल्ड, जेम्स किड, सगळे तिथेच बसतात, चाच्यांचं स्वतःचं राज्य करायच्या गप्पा मारतात, आणि ॲन बॉनी त्यांना दारू आणून देते. या गुत्त्याचं नाव ‘ओल्ड एव्हरी’. महिनाभर मी तिथे जात-येत होते, नावाकडे लक्षही गेलं नव्हतं. जानेवारीत एकदा गेलं आणि मनात आलं, हा एव्हरी कोण?

हेन्री एव्हरी. इंग्रज चाचा, ‘फॅन्सी’ जहाजाचा कप्तान. सप्टेंबर १६९५मध्ये त्याने अरबी समुद्रात हाजचे यात्रेकरू घेऊन येमेनमधल्या मोख्याकडून सुरतेला परतणारी जहाजं गाठली. आधी सुरतेच्या अब्दुल गफूर या व्यापाऱ्याचं ‘फतेह मुहम्मद’ लुटलं. मग खुद्द औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’. इतिहासकार खाफीखान लिहितो, की सुरत बंदरात याच्याएवढं मोठं जहाज नव्हतं, त्यावर ऐंशी तोफा आणि चारशे बंदुका होत्या. पण ऐन वेळी जहाजावरची एक तोफ फुटली, शत्रूच्या गोळ्याने मोठी डोलकाठी निकामी झाली, आणि कप्तान इब्राहिमखान खाली जाऊन लपला. लूट खाफीखानाच्या आकड्याने बावन्न लाख रुपये. जहाजावरच्या बायकांचं जे झालं ते त्याने लिहून ठेवलंय. काहींनी अब्रू वाचवायला समुद्रात उड्या टाकल्या. त्या रात्री मी गुत्त्यातून एडवर्डला बाहेर काढलं आणि मशीन बंद केलं.

पुढचं आणखी गमतीचं. गमतीचं म्हणणं बरं नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. सुरतेच्या वखारीतले इंग्रज मोगलांनी कैदेत टाकले, ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार अडला, इंग्लंडच्या सरकारने एव्हरीवर ५०० पौंडांचं इनाम लावलं. आणि हे महाशय गेले कुठे? १६९६च्या वसंतात, हेन्री ब्रिजमन असं नाव सांगत, नासाऊला! तिथला गव्हर्नर निकोलस ट्रॉट. त्याला रोकड दिली, हस्तिदंत दिला, दारूगोळा दिला, शेवटी ‘फॅन्सी’ जहाजही दिलं, आणि गव्हर्नरसाहेबांनी कुठून आलात असं विचारलं नाही. पुढे त्याचे पाच खलाशी लंडनला फासावर गेले. एव्हरी कुणाच्या हाती लागलाच नाही.

म्हणजे ज्या नासाऊत चाच्यांचं राज्य १७१५नंतर उगवलं असं खेळ दाखवतो, त्याची सुरुवात त्याआधी वीस वर्षं झाली होती, आणि तीही आपल्याकडच्या पैशांवर. कथेत सुरत कुठे येत नाही. गुत्त्याला नाव देणाऱ्याला मात्र सगळं ठाऊक असणार.

आणि माझ्यासाठी कळस पुढेच होता. जहाज लुटलं त्या वर्षी औरंगजेबाची छावणी कुठे होती, तर ब्रह्मपुरीला, भीमेच्या काठी. मंगळवेढ्याकडे जाताना माचणूर लागतं ना, तेच. श्रावणात सिद्धेश्वराच्या दर्शनाला आम्ही दरवर्षी जातो, किल्ल्याच्या तटाला टेकून डबे खातो. १६९५ ते १६९९, चार वर्षं बादशहा तिथे तळ ठोकून होता. नासाऊच्या गुत्त्याचा धागा आमच्या दशम्या-चटणीच्या जागेपर्यंत येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं.

बरं, परीक्षणाकडे वळते. खेळ १७१८च्या नासाऊचं काय करतो, तर बरंचसं चांगलं करतो. जुलैत नवा गव्हर्नर वूड्स रॉजर्स राजाने चाच्यांना देऊ केलेली माफी आणि लढाऊ जहाजं घेऊन येतो, आणि गुत्त्यातली मंडळी फुटतात. कुणी माफी घेतं, कुणी थुंकतं. हॉर्निगोल्ड माफी घेऊन जुन्या दोस्तांच्याच शिकारीला निघतो, हे खरोखर घडलेलं. चार्ल्स व्हेन या चाच्याने एक जहाज पेटवून आरमारावर सोडलं आणि पूर्वेकडच्या चिंचोळ्या तोंडातून पळ काढला, हेही खरं, आणि पेटतं जहाज खेळातही आहे. गंडवलंय ते औषधांच्या भागात. ब्लॅकबिअर्डने मे १७१८मध्ये कॅरोलिनाच्या चार्ल्स टाऊन बंदराची नाकेबंदी केली आणि खंडणीत औषधांची पेटी मागितली, ही ऐतिहासिक गोष्ट. त्याला ती स्वतःच्या खलाशांसाठी हवी होती. खेळात तो नासाऊच्या आजारी लोकांसाठी धडपडतो. चांगला माणूस करून टाकलाय त्याला. मला तो राकटच आवडला असता.

रॉजर्सवर मात्र अन्याय केलाय. हा माणूस जगाला वळसा घालून आलेला, १७०९मध्ये निर्जन बेटावर अडकलेल्या सेल्कर्कला सोडवून आणणारा. नासाऊ सावरताना स्वतः कर्जात बुडाला, इंग्लंडला परतल्यावर कर्जापायी तुरुंगात गेला, तरी पुन्हा गव्हर्नर होऊन आला आणि १७३२मध्ये तिथेच वारला. चाचे हाकलले, व्यापार पुन्हा आणला, अशा अर्थाचं लॅटिन ब्रीदवाक्य बहामासने १९७३पर्यंत मिरवलं, ते त्याच्याच कामगिरीवरून. खेळात तो निव्वळ खलनायक. एवढ्या गुंतागुंतीच्या माणसाला काळा टिळा लावून मोकळे.

आता वापरातल्या कटकटी. सगळ्यांत मोठी म्हणजे पाठलाग. कुणाच्या तरी मागे झुडपाझुडपांतून जायचं, त्याचं बोलणं चोरून ऐकायचं, जरा लांब राहिलं की मिशन फसलं, जरा जवळ गेलं की पकडले. हे इतक्या वेळा करायला लावतात की एके रात्री कंट्रोलर सोफ्यावर आपटला आणि नवरा म्हणाला, ‘‘झोप आता.’’ दुसरी गोष्ट, तिन्ही शहरांत शिरताना लोडिंगसाठी थांबावं लागतं, समुद्रावरची सलगता तुटते. तिसरी, सबटायटल्स इंग्रजीतच वाचायची. मराठी सोडाच, हिंदीसुद्धा नाही, आणि एडवर्डचे वेल्श हेल वाचल्याशिवाय कळत नाहीत. गाण्यांचे कागद गोळा करायचे असतात, ते जवळ गेलं की वाऱ्यावर उडतात आणि त्यांच्यामागे छपरांवरून धावावं लागतं. हे मात्र मला आवडतं. नासाऊतला एक कागद मला अकरा वेळा चकवून गेला.

एकदा मार्चमध्ये एका दंतकथेतल्या अजस्र जहाजाशी पाऊण तास झुंजत होते, त्याच्या ताकदीची जेमतेम एक पट्टी उरली होती आणि लाइट गेली. त्यानंतर एक छोटा इन्व्हर्टर घेतला. खेळाची किंमत मोजताना तोही धरा.

कुणी घ्यावा? ज्यांना झटपट हाणामारी हवी त्यांनी नको. ज्यांना एखादं गाव कसं बनतं, कसं बिघडतं हे पाहायला आवडतं, त्यांनी जुनी डिस्क मिळाली तरी घ्यावी. आमच्या शिक्षकखोलीत एकजण म्हणाले, आपल्या कान्होजी आंग्र्यांवर असा खेळ का नाही? प्रश्न वाजवी आहे. ज्या १७१८मध्ये रॉजर्स नासाऊला उतरला, त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून खांदेरीचा किल्ला घ्यायला निघाला होता आणि हात हलवत परतला. इंग्रजांच्या कागदांत आंग्रेसुद्धा चाचेच. फरक एवढाच, की कान्होजींकडे छत्रपतींनी दिलेली सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, होती, आणि त्यांच्या मुलखातून जाणाऱ्याने त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचं, असा सरळ हिशेब होता. पण तो खेळ कोणी करेल तेव्हा.

मे महिन्यात भाचा सुट्टीला आला. मशीन परत न्यायचा विचार होता त्याचा. मी त्याला ‘ओल्ड एव्हरी’त नेऊन उभं केलं आणि गंज-इ-सवाईपासून माचणूरपर्यंत सगळं सांगितलं. त्याने हा खेळ दोनदा संपवलाय, गुत्त्याचं नाव त्याला आठवतही नव्हतं. जरा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे आत्या, हे सगळे सुरतेच्या पैशाने पितायत?’’

‘‘वीस वर्षांनी? तोवर उडवले असतील की सगळे.’’

तो हसला आणि वायर काढायला वाकला. मी म्हटलं, ‘‘थांब रे, अजून चार गाणी राहिलीयत.’’ मशीन सध्या आमच्याकडेच आहे.