मुंग्यांच्या हायबरनेशनच्या नावाखाली ११८ युरो ९० सेंट गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधी हिशोब, कारण सगळे तेच विचारतात. मुंग्यांची वसाहत ७९ युरो, नोव्हेंबर ते मार्च तिला थंडीत सांभाळायचे महिन्याला ५ प्रमाणे २५ युरो, आणि पार्सल १४ युरो ९० सेंट. एकूण ११८.९०. रुपयात करून बघू नका, मी केलंय.

मी दक्षिण जर्मनीत राहतो, इथे मुंग्या पाळणं हा चांगला रुळलेला छंद आहे त्यामुळे हसू नका. मला हवी होती काम्पोनोटस लिग्निपेर्डा, म्हणजे आपल्या मुंगळ्यांची चुलत भावंडं, थंड प्रदेशातली. ह्यांना शीतनिद्रा लागतेच, तुम्ही घर कितीही गरम ठेवा ऑगस्ट-सप्टेंबरपासून राणी अंडी घालायचं थांबवते, आणि मग मार्चपर्यंत ५ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं नाहीतर पुढच्या वर्षी वसाहत खंगते. आता भाड्याच्या घरात एकच फ्रिज, आणि बायकोने सांगितलं की श्रीखंडाच्या डब्याशेजारी मुंग्यांची टेस्ट ट्यूब (छोटी वसाहत ठेवतात ती नळी) दिसली तर दोन्ही बाहेर जातील. त्यामुळे एका माणसाची जाहिरात दिसली, "राणी + १२ कामकरी, वाईनच्या फ्रिजमध्ये हिवाळा काढून मार्चमध्ये घरपोच", तेव्हा मला वाटलं माझ्यासाठीच लिहिलीय. महाग होती, मान्य. पण राणी म्हणजे एका मोसमाची गोष्ट नाही, बागेतल्या काळ्या मुंगीची, लासियस नायजरची, राणी जवळजवळ २९ वर्षं जगल्याची नोंद आहे, तर ७९ युरो मला जास्त वाटले नाहीत. पैसे "मित्राला पाठवतो तसे पाठव, फी वाचेल" म्हणाला. तसे पाठवले की खरेदीदाराला मिळणारं संरक्षण जातं, माल खोटा निघाला तरी पैसे परत मिळत नाहीत. हा पर्याय कोणी सुचवला की तिथेच चॅट बंद करा.

आता तो व्हिडिओ. जानेवारीत मी विचारलं कशा आहेत, त्याने व्हिडिओ पाठवला, निळ्या टॉवेलवर ट्यूब, आणि आत मुंग्या धावतायत. धावतायत! ६ डिग्रीत मुंग्या राणीभोवती गोळा होऊन पडलेल्या असतात, एखादा पाय हलला तरी खूप, आणि इथे एक कामकरी मिशा साफ करतेय, दुसरी मधाच्या थेंबाला तोंड लावून उभी. फ्रिजमधल्या मुंग्यांना कोणी मध घालतं का? आणि मी काय उत्तर दिलं, "वा मस्त" आणि अंगठा. अजून तो अंगठा चॅटमध्ये आहे. मी विचारलं नाही असं नाही हां, विचारलं, तर म्हणे शूटिंगसाठी दोन मिनिटं बाहेर काढल्या. आणि वर मलाच सुनावलं की हिवाळ्यात सारखं डिस्टर्ब करायचं नसतं. आता हे तर खरंच आहे, प्रत्येक जाणकार हेच सांगतो, हलवू नका उजेड दाखवू नका. इथेच सगळी मेख आहे. नियम शंभर टक्के खरा, आणि त्याच नियमाच्या आड पाच महिने कोणी काही बघायला मागू शकत नाही. ह्याच्याइतकी सोयीची चोरी मी तरी पाहिली नाही.

मार्चमध्ये पार्सल आलं. ट्यूबमध्ये एकही अळी नाही. लिग्निपेर्डा इवल्याशा अळ्या घेऊन हिवाळा काढतात, पांढऱ्या रव्यासारखा पुंजका दिसायलाच हवा. शिवाय कामकरी सगळ्या धिप्पाड. नव्या राणीच्या पहिल्या मुली किरकोळ असतात, कारण बाहेरून काही न खाता ती स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर त्यांना वाढवते. पहिल्या पिढीत धिप्पाड दिसल्या तर घेऊच नका. ह्या कुठल्यातरी जंगलातल्या मोठ्या वसाहतीतून कोष उचलून राणीखाली ठेवलेल्या, कोषातून बाहेर आल्यावर त्या तिलाच आई मानतात. मला शंका आली पण तो म्हणाला "पहिल्या वर्षी होतं असं", आणि एप्रिलमध्ये राणीने अंडी घातली तेव्हा मी खूश. जूनच्या शेवटी कोष फुटले आणि सगळे पंखवाले नर. सगळे. म्हणजे राणीचं मीलनच झालेलं नव्हतं, फलित न झालेल्या अंड्यातून नरच होतात. राणी सहसा मीलनानंतर पंख गाळते, पण पंख गळलेले म्हणजे मीलन झालंय असं अजिबात नाही, हे लिहून ठेवा.

मेसेज केला, ब्लॉक. मग ऑनलाइन तक्रार, मग चौकीत बोलावलं. तिथल्या बाईंनी आधी विचारलं कुठली "वस्तू" मिळाली नाही. मी म्हटलं मिळाली, पण राणी खोटी आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारतात मुंग्या पाळायची परवानगी आहे का तुमच्याकडे?! जंगलात वारूळ करणाऱ्या लाल मुंग्या संरक्षित आहेत, माझ्या नाहीत, हे मोबाईलवर फोटो दाखवून मी समजावतोय, म्हणजे लुटला गेलो मी आणि खुलासाही मीच देतोय. त्यात मुंगीच्या जातीचं नाव तक्रारीत चुकीचं टाइप केलं. ग्राहक सल्ला केंद्र म्हणालं विक्रेता खाजगी माणूस, आमचं काम कंपन्यांचं. वकिलाकडे जावं तर पहिल्या सल्ल्यालाच १९० युरोपर्यंत आणि वर टॅक्स एवढं बिल होऊ शकतं, ११८ साठी. जाहिरातीच्या साइटला लिहिलं तर मशीनचं उत्तर, "तुमचा अनुभव आम्हाला महत्त्वाचा आहे". शेवटी सरकारी वकिलांचं पत्र आलं, आरोपीची ओळख पटली नाही, प्रकरण बंद. खात्याचा नंबर मी दिला होता हो! आणि ते "खाजगी विक्री, परत घेणार नाही" वाचून गप्प बसू नका, दोष मुद्दाम लपवला असेल तर जर्मन दिवाणी कायद्याचं कलम ४४४ ती पळवाट चालू देत नाही. मला हे चौकीत कोणी सांगितलं नाही, घरी बसून शोधलं.

घ्यायचीच तर उन्हाळ्यात घ्या, अंडी अळ्या कोष तिन्ही डोळ्यांनी बघून, आणि थंडी स्वतः द्या, जुना छोटा फ्रिज, थर्मामीटर, ट्यूबमध्ये पाणी आहे ना एवढं महिन्यातून बघा. आणि हिवाळ्यात कोणाकडे ठेवायच्याच झाल्या तर त्याच्या फ्रिजचा फोटो मागा आणि त्यात थर्मामीटर आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी मागा, नाही म्हणाला की संपलं.

परवा बायकोने दाखवलं, त्याची जाहिरात परत लागलीय. नाव नवीन, "हिवाळ्यासाठी जागा मर्यादित", भाव आता ८९. टॉवेल तोच निळा.