जिममधला ट्रेनर, घरी येणारा की ऑनलाइन?

पर्सनल ट्रेनर लावायचा ठरला की पहिली चौकशी फीची होते. त्याआधी एका गोष्टीचा छडा लावायला हवा: आपलं अडतंय कुठे? व्यायाम कसा करायचा तेच माहीत नाही, की सगळं माहीत असून होत नाही? पहिल्या अडचणीला शिकवणारा लागतो, दुसरीला पाठपुरावा करणारा. दोन्ही गुण एकाच माणसात असतीलच असं नाही.

जिममधल्या ट्रेनरची जमेची बाजू म्हणजे साधनं. ताकद वाढवायची तर वजन थोडंथोडं वाढवत न्यावं लागतं. तिथे हलक्या डंबेलपासून जड बारबेलपर्यंत सगळं हाताशी असतं आणि जड वजन उचलताना मागे कोणी उभं असतं. उणी बाजू लक्षाची. एकाच तासात तीन-चार जणांना सांभाळणारे ट्रेनर असतात. तुमचा स्क्वॉट, म्हणजे उठाबशांसारखा व्यायाम, चालू असताना त्यांचं लक्ष दुसरीकडेच असतं. पण हे पैसे भरण्याआधी कळू शकतं. त्यांच्या वेळेत जाऊन थोडा वेळ नुसतं बघत बसा. सेट चालू असताना नजर शिकणाऱ्यावर आहे की मोबाइलवर, एवढं बघितलं तरी पुरे.

घरी येणारा ट्रेनर तो तास पूर्ण तुम्हाला देतो. ज्येष्ठांना, चारचौघांत संकोच वाटणाऱ्यांना, लहान मूल घरी असलेल्यांना याहून चांगली सोय नाही. खुर्चीतून उठणं, जिना चढणं, जमिनीवरून वस्तू उचलणं अशा रोजच्या हालचाली तो तुमच्याच घरात बसवून घेऊ शकतो. मर्यादा येते ती साधनांची. रबर बँड, दोन डंबेल आणि शरीराचं वजन यांवर नवख्याचे काही महिने छान निघतात. पुढे पायांना ते वजन पुरत नाही. घरात अनोळखी माणूस येणार असल्याने आधीच्या एक-दोन जणांकडे चौकशी करायला लाजू नका.

ऑनलाइनमध्ये दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एकात व्हिडिओ कॉलवर ट्रेनर समोर असतो. दुसऱ्यात ॲपवर आराखडा येतो आणि आठवड्याला विचारपूस होते. दुसरा प्रकार स्वस्त पडतो, वेळेचं बंधन नसतं, नोंदीही व्यवस्थित राहतात. पण कॅमेरा समोर ठेवला तर डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरून वजन उचलताना, पाठ वाकतेय हे दिसत नाही, त्याला बाजूचा कोन लागतो. दिसलं तरी हात लावून खांदा जागेवर आणणं पडद्यातून जमत नाही. म्हणून ज्याला मूळ हालचाली येतात त्याला ऑनलाइन उत्तम. अगदी नवख्याला मी ते सुचवणार नाही.

चार-पाच जणांचा छोटा गट हा मधला मार्ग. सोबतीने नियमितपणा येतो, पण गुडघा किंवा कंबर दुखत असेल तर टाळा.

तिन्ही ठिकाणी पहिल्या भेटीत ट्रेनर काय विचारतो, यावरून बरंच समजतं. व्यायाम सुरू करण्याआधी तब्येतीची चौकशी करणारी पार-क्यू-प्लस नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्या पहिल्या पानावर ७ प्रश्न असतात: हृदयविकार किंवा रक्तदाब, छातीत दुखणं, चक्कर, जुने आजार, चालू औषधं, हाडं-सांध्यांची तक्रार, आणि देखरेखीखालीच व्यायाम करा असं डॉक्टरांनी सांगितलंय का. यातलं काहीच न विचारता जो थेट वजनकाट्यावर उभं करतो, त्याच्याकडे जाऊ नये. एसीई, एनएएसएम, एनएससीए, एसीएसएम या अमेरिकी संस्थांची ट्रेनरसाठीची प्रमाणपत्रं परीक्षा देऊन मिळतात आणि दोन-तीन वर्षांनी नव्याने करावी लागतात. म्हणून नावाबरोबर मुदतीची तारीखही बघा. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायचा प्रथमोपचार, येतो का, हेही विचारा.

पहिल्याच दिवशी घाम गाळून, पाय लटपटेपर्यंत दमवणारा ट्रेनर अनेकांना खरा वाटतो. मला त्याची काळजी वाटते. सवय नसलेल्या शरीरावर एकदम फार ताण आला तर स्नायूंचे तंतू तुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर भार येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. साधी अंगदुखी व्यायामानंतर १ ते ३ दिवसांत सर्वाधिक असते आणि ओसरते. पण असह्य वेदना, सूज आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी दिसली तर लगेच रुग्णालय गाठायचं. मधुमेहावर किंवा मूत्रपिंडाच्या विकारावर आहार लिहून देणारा, स्वतःच पावडरचे डबे विकणारा ट्रेनरही नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. भरभर चालायला ट्रेनर लागत नाही. तेव्हा रोजचं पॅकेज घेण्याऐवजी ताकदीच्या दोन दिवसांपुरताच चांगला माणूस लावा. नवखे असाल तर पहिले दोन-तीन महिने प्रत्यक्ष समोर, जिम किंवा घर जे जवळचं पडेल ते. हालचाली बसल्या की ऑनलाइन. सुरुवातीला एकाच महिन्याचे पैसे भरा, आणि महिनाअखेरीला किती वजन किती वेळा उचललं (रेप्स) याची लेखी नोंद मागा. ती नसेल तर दुसऱ्या महिन्याचे पैसे भरू नका.