सीडी६९ की सीडी२५?

सीडी६९ आणि सीडी२५ ही टी पेशींच्या (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींच्या) पृष्ठभागावरची दोन खूण-प्रथिनं. या पेशी जाग्या, म्हणजे सक्रिय, झाल्या का, हे फ्लो सायटोमेट्रीवर (खुणांना चमकणारे रंग लावून एकेक पेशी लेझरने तपासण्याच्या तंत्राने) बघायचं तर कोणती खूण घ्यायची, यासाठी आधी घड्याळ बघा. उत्तेजन दिल्यावर सीडी६९ दोन-तीन तासांतच पृष्ठभागावर येतो, साधारण दिवसभरात शिखर गाठतो आणि मग उतरू लागतो. सकाळी पेशी लावून संध्याकाळी नमुना चालवायचा असेल, तर दुसरा विचारच नको. पण तिसऱ्या दिवशी सीडी६९ कमी दिसला म्हणून 'पेशी सक्रियच झाल्या नाहीत' असा निष्कर्ष काढणं म्हणजे वरात गेल्यावर मांडवात माणसं मोजणं.

सीडी२५ हा इंटरल्युकिन-२ (टी पेशींना वाढीचा संदेश देणारं प्रथिन) च्या रिसेप्टरचा अल्फा घटक. तो उशिरा, साधारण २४ तासांनी नीट दिसतो, ४८ ते ७२ तासांत भरात येतो आणि पुढे काही दिवस टिकतो. पेशी विभाजनाच्या वाटेला लागल्या का, हे त्यावरून जास्त कळतं. अडचण एकच, पण मोठी: नियामक टी पेशींवर (प्रतिकाराला आवर घालणाऱ्या) तो मुळातच भरपूर असतो. त्यामुळे रक्ताच्या नमुन्यात सीडी१२७ आणि फॉक्सपी३ (नियामक पेशी वेगळ्या ओळखायच्या खुणा) सोबत न घेता नुसत्या सीडी२५ वर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

सीडी६९ही तसा निरागस नाही. ऊतींत मुक्काम ठोकलेल्या स्मृती टी पेशींवर (आधीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या) तो कायम असतो आणि टाइप-१ इंटरफेरॉनने (विषाणू आल्यावर शरीर सोडतं ते संदेश-प्रथिन) अँटिजेनशिवायही, म्हणजे टी पेशीला तिचं लक्ष्य न भेटताही, वाढतो. विषाणूसंसर्गाच्या नमुन्यांत हे विसरू नये.

पॅनेलमध्ये (एकाच वेळी मोजायच्या खुणांच्या संचात) जागा असेल तर दोन्ही घ्या. एकच रंग उरला असेल, तर २४ तासांच्या आत सीडी६९, नंतर सीडी२५. तुलनेसाठी उत्तेजन न दिलेली नळी मात्र दोन्हीकडे हवीच.