‘वहिनींसाठी खास हलकी रायफल’ विकणाऱ्यापासून सावध

एअर रायफलच्या सेकंड-हँड बाजारात आमच्याकडे सध्या ‘लेडीज रायफल’ नावाचा एक प्रकार फिरतोय. वजन कमी, धक्का शून्य, नव्याने नेमबाजी शिकणाऱ्या बायकांसाठी मापाप्रमाणे बांधून मिळेल, असं सांगतात. आम्ही ती बांधून घेतली. 1,48,000 रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच, पण बायकोच्या गालाजवळ काही महिने काय होतं हे कळल्यावर जो घाम फुटला, त्यासाठी हे लिहितोय.

ऑगस्ट 2024 मध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. कांबळवाडीचा पोरगा, त्यामुळे कोल्हापुरात आणि आसपासच्या नेमबाजीच्या रेंजवर त्यानंतर जी गर्दी उसळली तीत आमची ही पण होती. वय बेचाळीस, शाळेत गणित शिकवते, खेळाचा संबंध शाळेच्या मैदानापुरता. 10 मीटर एअर रायफलवर तिचा जीव जडला. रेंजची रायफल मात्र तिला जड जायची. ती रायफल एका उंच मुलाच्या मापाला लावलेली. दस्ता लांब, गालाची पट्टी उंच. ही पाच फूट एक इंच. अर्ध्या तासात डावा खांदा भरून यायचा.

रेंजवरचे सर तेव्हाच म्हणाले होते, की वजन कमी करायच्या मागे लागू नका, माप लावून घ्या. उभं राहून मारताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि रायफलचा भार हाडांवरून खाली जमिनीत जातो. तो स्नायूंवर घेतला की दोन किलोची रायफलही जड होते. नियमाप्रमाणे साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं आणि चांगल्या नेमबाज मुलीही हौसेनं जादा वजनं लावून घेतात, कारण जड नळी कमी हलते. हे सगळं खरं होतं. पण ते आम्हाला पटायच्या आत एक ‘कारागीर’ भेटला.

कारागीर म्हणजे पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस. रेंजवरच्याच एकाच्या ओळखीनं नंबर मिळाला. माझ्याशी ‘साहेब’, हिच्याशी ‘वहिनी’. त्याच्याकडे म्हणे जुन्या जर्मन रायफलींच्या अ‍ॅक्शन, म्हणजे पेलेट भरून सोडणारा मूळ सांगाडा, होत्या. त्यातल्या एकीला तो अ‍ॅल्युमिनियमचा हलका दस्ता, दाबाची हवा साठवणारं कार्बनचं सिलिंडर, छोटी नळी आणि नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारा ‘ब्रेक’ लावून देणार होता. वजन 3.7 किलो. “वहिनी, खांद्याला कळणार पण न्हाई गोळी कवा सुटली ते.” 80,000 आगाऊ, बाकीचे 68,000 रायफल हातात आल्यावर रोख.

खांद्याला कळणार नाही, हे त्याचं बोलणं शंभर टक्के खरं होतं आणि तीच त्याची खुबी. कळत नाहीच! साडेचार मिलिमीटरचं पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, जेमतेम 0.53 ग्रॅमचं, वेग सेकंदाला 170 मीटरच्या आसपास. साडेचार किलोच्या रायफलला त्यानं मागे ढकललं तर ती सेकंदाला दोन सेंटिमीटर वेगानं सरकते. दारूवर चालणाऱ्या पॉइंट टू-टू रायफलच्या गोळीचा रेटा याच्या नऊ-दहा पट असतो आणि तोही फार वाटत नाही. स्प्रिंगची एअरगन थोडी उसळते, कारण आत पिस्टन धावतो. पण दाबाच्या हवेवर चालणाऱ्या मॅच रायफलीला खांद्याला जाणवेल असा रिकॉइल, म्हणजे मागचा धक्का, नसतोच, मग ती कोणाचीही असो. तरीही ‘कमी धक्क्याच्या’ कामाचे त्यानं त्या रकमेत 18,000 वेगळे धरले होते. शिवाय रायफल हलकी केली की त्याच पेलेटचा धक्का वाढतो, कमी होत नाही. ही गणिताची बाई हे नंतर वहीवर मांडून दाखवत होती तेव्हा चिडून हसत होती. जो माणूस एकाच दमात ‘हलकी’ आणि ‘धक्का कमी’ विकतो, त्याला विचारा हे दोन्ही एकत्र कसं जमवलं. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

वजनाची गंमत वेगळी. काम चालू असताना त्यानं फोनवर फोटो पाठवला, रायफल इलेक्ट्रॉनिक काट्यावर, आकडा 3.695. आम्ही खूश. पुढे तो फोटो मोठा करून पाहिला तेव्हा दिसलं, की रायफलला मागची साइट, म्हणजे ज्या बारीक छिद्रातून बघतात ते डायोप्टर, नाहीच. पुढची साइट नाही. नळीखाली सिलिंडरही नाही. हे सगळं बसवून, हवा भरून आम्ही किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली तर साडेचार किलोला थोडी कमी. म्हणजे रेंजवरच्या रायफलीएवढीच.

ताबा देताना त्यानं स्वतः टेबलावर टेकवून पाच पेलेट मारली, एकाच भोकात. निशाण्याचा एक कार्डही भेट दिला, दहा शॉट आणि मधे एकच फाटकं भोक. टेकवून, सिलिंडर नुकतं भरलेलं असताना, दहा मीटरवर कुठलीही बरी नळी एवढं करते. तो कार्ड याच रायफलचा होता की नाही हे देव जाणे.

त्यानंतरचा काळ मला सगळ्यात जास्त बोचतो. हिचे शॉट उभ्या रेषेत फाकायला लागले. डावी-उजवीकडे ठीक, पण वर-खाली दोन-तीन घरांचा, म्हणजे गुणांच्या वर्तुळांचा, फरक. 10 मीटरच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एक घर अडीच मिलिमीटरचं, त्यामुळे नजरेला किरकोळ वाटणारं फाकणं गुणांत भयंकर दिसतं. नवशिक्याचं वर-खाली फाकलं की रेंजवर सगळे एकच सांगतात, श्वास. श्वास अर्धा सोडून थांबा, घाई नको, फॉलो थ्रू धरा, म्हणजे शॉट सुटल्यावरही क्षणभर हलू नका. हिनं ते सगळं केलं. पहाटे उठून घरात भिंतीवरच्या ठिपक्यावर ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेट न घालता घोडा दाबायचा सराव, पोटाचे व्यायाम, चहा बंद. तरी आठ, दहा, सात, नऊ. मी कारागिराला फोन केला की तो तिच्याशी बोलायला मागायचा आणि अगदी मायेनं सांगायचा, “वहिनी, नवीन हाय तुमचं, मन लावा, रायफलला दोष देऊ नगा.” एकदा तिनं विचारलंही, “अहो, माझ्या वयाला हे जमतच नसेल का?” रायफल खराब असेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही. ज्याला खेळ येतो तो दहा शॉटांत रायफलवर संशय घेईल. नवशिका संशय घेतो तो स्वतःवर. असल्या माणसांना म्हणून नवशिकीच गिऱ्हाइकं लागतात, आणि त्यातही घरातला पुरुष पैसे देणार आणि बाई वापरणार अशी जोडी लागते. पैसे देणाऱ्याला शॉट कसा सुटतो ते कळत नाही, वापरणारीला वस्तू महाग आणली म्हणून तक्रार करायला संकोच वाटतो.

उलगडा झाला तो जिल्हा स्पर्धेच्या आधी. एका जुन्या नेमबाजानं हिचे कार्ड बघितले आणि म्हणाला, श्वासानं असं होत नाही, इतकं सरळ उभं फाकणं वेगामुळे होतं. त्याच्याकडे क्रोनोग्राफ होता. पेलेटचा वेग मोजणारं ते छोटं यंत्र नळीसमोर ठेवलं. चांगल्या रायफलीत एका शॉटचा आणि दुसऱ्याचा वेग सेकंदाला दोन-तीन मीटरच्या आत राहतो. आमचा आकडा 181 पासून 148 पर्यंत कुठेही. दहा मीटर जाताना वेगवान पेलेट साधारण दीड सेंटिमीटर खाली येतं, मंद पेलेट सव्वादोन. मधला फरक सात मिलिमीटर, म्हणजे तीन घरं. हिच्या श्वासाचा काही संबंध नव्हता. सिलिंडरच्या दाबातून प्रत्येक शॉटला मोजून हवा सोडणारा रेग्युलेटर आतून गेलेला होता. जरा वेळ थांबून मारलं की दाब चढायचा आणि पेलेट वर, भरभर मारलं की खाली. आणि हिला तर सर सांगत होते, थांबा, घाई नको!

मग त्यानं सिलिंडरकडे बोट केलं. “हे कार्बनचं कुणी सांगितलं?” मोटरसायकलींना लावतात तसली काळी, विणीची छापील फिल्म होती ती. रायफलीतली हवा पूर्ण सोडून, सिलिंडर काढून त्यानं नखानं कडा उचलली. खाली साधं अ‍ॅल्युमिनियम, आणि त्यावर ठोकलेलं निर्मितीचं साल: 2007. या सिलिंडरांना बनवणारे दहा वर्षांची मुदत देतात, आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मुदत संपायच्या आत ते बदलणं ही नेमबाजाची जबाबदारी असते. त्यात 200 बार दाबाची हवा भरतात. मोटारीच्या टायरात असते दोन-सव्वादोन. ते नळीखाली बसतं, डाव्या हाताला लागून, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. मुदत उलटलेलं प्रत्येक सिलिंडर फुटतंच असं नाही, पण फुटणार नाही याची हमी कोणी देत नाही आणि रेंजवर तपासणीत दिसलं तर मारू देत नाहीत. कारागिराला ते साल माहीत होतं. नाहीतर झाकायला फिल्म कशाला चिकटवली असती?

‘ब्रेक’ म्हणजे लेथवर भोकं पाडलेली अ‍ॅल्युमिनियमची नळी निघाली. नळीच्या तोंडाशी हवा बाजूला काढणारी तसली पुंगळी काही रायफलींना असते, पण या पुंगळीचं भोक मधोमध नव्हतं. दोन पेलेटांच्या शिशाचा ओरखडा आत दिसत होता.

फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, अँशुट्झ या जर्मन कंपन्या मॅच रायफलीबरोबर कारखान्यात मारलेला टेस्ट कार्ड देतात, त्यावर त्याच रायफलचा नंबर असतो. आम्हालाही दिला होता, प्लास्टिकच्या पाकिटात. उन्हात धरला तर नंबराच्या जागी कागद खरवडलेला आणि शेवटचे तीन आकडे वेगळ्या शाईत. अ‍ॅक्शनवरच्या नंबराशी जुळत होते ते, अर्थातच. जुळवलेले होते.

बिलाचं विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, “एअर रायफलला लायसन्स लागत न्हाई साहेब, मग बिल कशाला?” पहिला भाग बरोबर आहे. पॉइंट वन सेव्हन सेव्हन (म्हणजे साडेचार मिलिमीटर) बोअरची आणि 20 ज्यूल ताकदीच्या आतली एअर रायफल घ्यायला आपल्याकडे परवाना लागत नाही, आणि मॅच रायफल जेमतेम साडेसात-आठ ज्यूलची असते. पण परवाना नाही म्हणजे कागदच नाही, हे त्यानं जोडलेलं शेपूट. परदेशी रायफल देशात आली तेव्हा ती कोणाच्या तरी नावानं आयात झालेली असते, आणि ते कागद दाखवता येत नसतील तर उद्या ती चोरीची निघाली तरी तुमच्या हातात निघणार.

त्याला फोन केला. पहिल्यांदा तो हसला, मग म्हणाला सिलिंडर वहिनींनीच बदललं असेल, मग फोन लागेना. पोलीस ठाण्यात सुरुवातीला ‘हा दिवाणी व्यवहार आहे’ असं ऐकवलं. चॅट, वजनाचा फोटो, 80,000 ची यूपीआय नोंद, फिल्मखालचं साल आणि क्रोनोग्राफचे आकडे एका फायलीत लावून नेल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली लेखी तक्रार घेतली. रोख दिलेल्या 68,000 चा पुरावा म्हणजे त्याचा एक मेसेज, “बाकी मिळाले, आभारी.” तेवढा तरी त्यानं पाठवला. वकिलाच्या नोटिशीनंतर जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथे दाखल फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तो सुटे भाग जोडून देण्याचे पैसे घेत होता, म्हणजे सेवा देत होता, हा आमचा मुद्दा आहे. तारीख पडली आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली होती, त्याचा क्रमांक अर्जात उपयोगी पडला.

हिला आता रेंजचीच जुनी रायफल दिली आहे. सरांनी दस्ता आखूड केला, खांद्याला टेकणारी बट प्लेट खाली घेतली, डाव्या हाताखालच्या हँड रेस्टला उंची दिली. पाना आणि पाऊण तास, खर्च शून्य. वजन एक ग्रॅमही कमी केलेलं नाही आणि तिचा खांदा दुखत नाही.

कारागिराची जाहिरात गेल्या आठवड्यापासून पुन्हा फिरतेय, नंबर नवा आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात कोणाला आली तर ओळखायला सोपी आहे. वजनकाट्यावरचा तोच फोटो आहे, आकडा 3.695, मागे निळी ताडपत्री. डायोप्टर नाही, सिलिंडर नाही. खाली लिहिलंय, ‘भगिनींसाठी खास, कार्बन सिलिंडर, झिरो रिकॉइल’. भेटायला बोलावलं तर जा, पण आगाऊ देऊ नका. हवा सोडून सिलिंडर हातात मागा आणि फिल्म स्वतः सोला. तो नको म्हणाला तर तिथूनच फोन 112 ला लावा. आमच्या तक्रारीचा क्रमांक कोणाला हवा असेल तर देतो, दुसरी तक्रार त्याच माणसाविरुद्ध आली तर ‘दिवाणी व्यवहार’ म्हणणं पोलिसांनाही जड जाईल.