घोडबंदर रस्त्यावरील हृदयतपासणी केंद्र : एका पालकाचा अभिप्राय
माझ्या १७ वर्षांच्या मुलाला फुटबॉलच्या सरावात दोनदा भोवळ आल्यामुळे आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका केंद्रात तपासणीसाठी गेलो. छातीवर ६ आणि हातापायांवर ४ इलेक्ट्रोड लावून १२ लीडचा (म्हणजे हृदयातील विद्युत हालचाल १२ कोनांतून टिपणारा) ईसीजी काढण्यात आला. शिवाय हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार किंवा लाँग क्यूटी (हृदयाच्या विद्युत लयीतील दोष) अनेकदा आनुवंशिक असल्यामुळे, घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात दगावले आहे का, हेही डॉक्टरांनी आवर्जून विचारले. ईसीजी नॉर्मल येऊनही त्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावला, हे मला पटले. (गार जेल लागताच चिरंजीव असे दचकले, की तंत्रज्ञ बाईंनाही हसू आवरेना.) मात्र इकोसाठी तासभर ताटकळावे लागले आणि मुलाच्या मनातील धास्तीबद्दल बोलायला तिथे एकही समुपदेशक नव्हता, ही मोठीच उणीव वाटली.